घरात कोण राहतं

कुहीजवळच्या आमच्या गावातल्या घरात पाहुणे ठेवायचा परवाना मिळवताना मी वहिनींशी जे वागलो, ते लिहून ठेवायचं आहे. मी नागपुरात नंदनवनला राहतो. गावच्या घरात माझ्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे माझ्या वहिनी, एकट्या राहतात. भाऊ गेला, मूलबाळ नव्हतं. मी सहावीत असताना त्या लग्न होऊन आल्या आणि माझ्या शाळेच्या शर्टाची बटणं तेव्हापासून त्यांनीच लावली.

घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या काढायची कल्पना माझी. जंगलात वाघ पाहायला येणारी शहरातली माणसं आमच्या गावावरूनच जातात. खोल्या झाल्या, मोबाइलवर फोटो टाकले आणि पुण्याचं एक जोडपं येऊन राहूनही गेलं. वहिनींनी त्यांना लाखोळीच्या डाळीचे वडे खाऊ घातले.

चौथ्या दिवशी पोलीस पाटील दारात. मी नेमका गावातच होतो.

"कोन होते गा ते? नाव लिहून घेतलं का? आधार कार्ड पाहिलं का?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्या चिडल्याच. "दारात आलेल्या पाहुन्याले पानी द्या लागते का कार्ड मांगा लागते?"

"बाई, पाहुना पैसे देऊन राहिला का?"

"देते."

"मंग तो पाहुना नाही, गिऱ्हाईक आहे. त्याचं नाव लिहा लागते."

वहिनींना हे अजिबात पटलं नाही. पण पाटलांनी मला बाजूला घेऊन नियम सांगितला. ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र हवं, नोंदणी हवी, येणाऱ्या प्रत्येकाची वहीत नोंद हवी. आणि मुख्य म्हणजे, घराचा मालक त्याच घरात राहत असला पाहिजे. रिकामी घरं भाड्यानं देऊन मालक शहरात बसतात, ते या परवान्यात चालत नाही.

इथे मला थांबून एक कबुली द्यावी लागेल. पंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घराच्या नोंदीवर, एकट्या माझं नाव होतं. भाऊ गेला त्या वर्षी मी हक्क सोडल्याचा कागद घेऊन वहिनींकडे गेलो होतो. त्या धान पाखडत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, इथे सही करा." त्यांनी हात पदराला पुसले आणि सही केली. कशाची, ते विचारलं नाही. कचेरीच्या चकरा वाचाव्यात म्हणून एकच नाव ठेवलं, असं मी बायकोला सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. वहिनींना मात्र काहीच सांगितलं नाही.

आता नियमात मालक एक आणि राहणारं दुसरं, असं अडलं. मी अर्जात लिहिलं, 'अर्जदार सदर घरात सहकुटुंब राहतात. पाहुण्यांच्या व्यवस्थेसाठी एक केअरटेकर महिला ठेवली आहे.' पाच मिनिटांचं काम होतं. लिहिताना हात अडखळला नाही, हे सांगायला लाज वाटते.

आमच्या गावात असे अर्ज ग्रामसभेत मोठ्यानं वाचतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी माझ्या ध्यानात आलं नाही. शाळेच्या पडवीत सभा भरली. बायकांच्या बाजूला वहिनी इस्त्रीचं लुगडं नेसून बसल्या होत्या, घरचा अर्ज होता म्हणून. ग्रामसेवकानं वाचायला सुरुवात केली आणि मला पुढचं वाक्य आठवलं. उठावंसं वाटलं. उठलो नाही.

वाचून झालं. वहिनींच्या शेजारची म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "कोन वं ते बाई? मले तं कधी दिसली नाही तुमच्या घरी!"

"मीच ते," वहिनी म्हणाल्या.

हशा पिकला. पुरुषांतून कुणीतरी ओरडलं, "काहून गा, नागपूरकर, वहिनीले पगार चालू केला का?" दुसरा म्हणाला, "अन् तू कधीपासून गावात राहून राहिला? पोळ्याले तं दिसत नाही!"

ग्रामसेवकानं पेन थांबवलं. "कोणाची हरकत?"

सगळे वहिनींकडे पाहू लागले. त्या एका शब्दानं माझा अर्ज पाडू शकत होत्या. "हरकत नाही म्हनून लिहा, साहेब," त्या म्हणाल्या. "दुपार झाली. भाऊजी सकाळचे उपाशी आहेत."

घरी त्यांनी ताट वाढलं. भातावर वडे कुस्करले, वरून फोडणीचं तेल घातलं. लहानपणी घालत तसंच, माझ्या ताटात जरा जास्त. मग समोर बसून म्हणाल्या, "केअरटेकर म्हंजे घर सांभाळनारी ना?"

"हो."

"मंग खोटं नाही लिहिलं. घर तं मलेच सांभाळा लागते." त्यांनी माझ्या ताटात आणखी एक वडा ठेवला. "पन ठेवलेल्या बाईले काढताबी येते, नाही का भाऊजी?"

मी घास खाली ठेवला. त्या कागदाचं सगळं तेव्हा सांगितलं, धान पाखडतानाच्या सहीसकट.  वहिनी म्हणाल्या, "मले वाटलंच होतं. जेवा, थंडं होऊन राहिलं." मला त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज परत मागितला. ग्रामसेवक म्हणाला, "मंजूर झालेला अर्ज परत नेणारे तुम्ही पहिलेच भेटले." मग संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र, पुढच्या बैठकीची वाट. जो कागद मी एका सहीत केला होता, तो दुरुस्त करायला पावसाळा उलटून गेला. आज नमुना आठवर पहिलं नाव वहिनींचं आहे. परवान्याचा नवा अर्ज त्यांच्याच नावानं गेला, आणि 'मालक स्वतः राहतात का' या प्रश्नापुढे काहीच रचून लिहावं लागलं नाही. सभेतही त्यांच्या अर्जावर कुणी हसलं नाही.

वहीचंही त्यांनी आपल्या रीतीनं जमवलं आहे. आधी गूळ-पाणी, मग कार्ड. पाहुण्याचा पेला रिकामा झाल्याशिवाय त्या वही उघडत नाहीत.

गेल्या महिन्यात मी गेलो, तर पाणी पिऊन होताच वही माझ्यापुढे आली.

"माझंही लिहायचं?"

"नागपूरहून येनाऱ्या सगळ्याईचं लिहा लागते. नियम आहे." त्या हसत होत्या, पण वही मागे घेतली नाही. "अन् यावेळी पत्ता खरा लिहा, भाऊजी."

मी नंदनवनचा पत्ता लिहिला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, खाली सही केली आणि माझी बॅग उचलून आतल्या खोलीत नेली, जिथे मी शाळेत असताना झोपत असे.