ड्रायव्हरच्या पायाजवळचं झाकण

बापूसाहेबांनी मधली काच आतून वाजवली आणि त्यांचे ड्रायव्हर सदूभाऊ यांनी ब्रेक लावला. वाशीमहून रिसोडच्या रस्त्याला लागून आम्ही जेमतेम दोन मैल आलो होतो. मी पुढून उतरून मागचं दार उघडलं. बापूसाहेबांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"तू मले थंडा करून राह्यला का उकडून राह्यला?" त्यांनी मला विचारलं.

मी वाशीमच्या एका मोटार गॅरेजमध्ये फिटर आहे. बापूसाहेब रिठदकडचे मोठे जमीनदार. त्यांची गाडी महायुद्धाआधीची, विलायती. मालक आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये सरकती काच असलेली. यंदा वैशाखात त्यांनी फर्माइश केली की घरात वाळ्याच्या ताट्या लावतो तसा गारवा गाडीत पाहिजे.

मी मागच्या सीटच्या बाजूच्या खिडकीत बाहेरून पत्र्याची पेटी बसवली. पेटीचं तोंड पुढे, आत वाळ्याची जाळी, वर पाण्याची तांब्याची टाकी. टाकीतून थेंब थेंब पाणी जाळीवर पडतं. गाडी पळाली की वारा पेटीत शिरतो आणि ओल्या वाळ्यातून गार होऊन आत येतो. एवढी साधी गोष्ट. जिल्ह्यात अशी दुसरी गाडी मी तरी पाहिलेली नाही.

बिघाड पेटीत नव्हता. दुपारी घराची दारंखिडक्या लावून ताट्यांआड बसायची आपली सवय. बापूसाहेबांनी गाडीलाही तोच नियम लावला. बाकीच्या सगळ्या काचा वर. दारांना नव्या रबरी पट्ट्या त्यांनीच बसवून घेतल्या होत्या. घराला कौलांतून, फटींतून श्वास असतो. या गाडीला उरला नव्हता. जुनी हवा बाहेर जाईना, म्हणून नवी आत येईना. आत नुसती ओल साचली.

गॅरेजवर परत येऊन मी हे सांगितलं. हवा बाहेर जायला वाट हवी. मधल्या काचेखाली एक लांब फट पाडू, आणि पुढे ड्रायव्हरच्या पायाजवळ, गाडीच्या कुशीला, मागे तोंड असलेलं झाकण बसवू. गाडी पळताना ते झाकण आतली हवा बाहेर ओढून घेईल.

"पुढं कायले?" बापूसाहेब म्हणाले. "भोक मागंच पाड."

आता खरं सांगतो. वाट मागेही काढता आली असती. पण माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून सदूभाऊ होते. इंजिनची सगळी धग त्या गाडीत ड्रायव्हरच्या पायांवर येते. मागच्या उन्हाळ्यात मालेगावच्या उतारावर त्यांना स्टिअरिंगवरच भोवळ आली होती. गाडी बांधाला टेकली म्हणून निभावलं. माझे वडील छापखान्यात होते. माणसामाणसांत फरक करू नये, हे मी त्यांनी घरी आणलेल्या पत्रकांत वाचतच मोठा झालो. एकाच गाडीत एकाला गारवा आणि एकाला भट्टी, हे काम माझ्या हातून होणार नव्हतं.

मी म्हणालो, "मागं पाडता येते, बापूसाहेब. पण ते दुसऱ्या मिस्त्रीकडून करून घ्या."

गॅरेजचे मालक, आमचे उस्ताद, पाना पुसत होते. आता आपली नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो. उस्तादांनी पाना खाली ठेवला.

"पोरगा तोंडाळ आहे, बापूसाहेब," ते म्हणाले. "पन मागं भोक पाडलं, तर कच्च्या रोडची सारी धूळ तुमच्या मांडीवर येईन. धूळ मोटारीच्या मागंच पळते."

हे शंभर टक्के खरं होतं, आणि मला सुचलं नव्हतं.

बापूसाहेब विचारात पडले. खरी अडचण त्यांनी जरा वेळाने, आवाज खाली आणून सांगितली. मधे फट पाडली तर जमिनीचं, कोर्टाचं सगळं बोलणं ड्रायव्हरच्या कानावर जाईल.

सदूभाऊ बॉनेटला टेकून उभे होते. टोपी काढून म्हणाले, "मालक, काच लावली तरी सारं आयकू येते. पयल्यापासूनच येते."

बापूसाहेब सदूभाऊंकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत गावात आपली एकही गोष्ट फुटली नाही, याचा हिशेब ते बहुधा मनात लावत असावेत.

"पाड भोक," ते मला म्हणाले. "पुढंच पाड."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही रिसोडला जाऊन आलो. मी सदूभाऊंशेजारी बसलो होतो. मागची गार हवा फटीतून येऊन आमच्या पायांवरून झाकणाबाहेर जात होती. तिला वाळ्याचा वास होता. सदूभाऊंनी एका पायातली वहाण काढून ठेवली. मागे बापूसाहेब झोपून गेले होते.

परत आल्यावर उस्तादांनी झाकण दोनदा उघडून मिटून पाहिलं आणि पुढच्या गाडीचं काम माझ्याकडे ढकललं. त्यांच्या शाबासकीची पद्धत हीच.

मी शिकलो ते एवढंच. गार हवा आत घ्यायची तर तिला बाहेरची वाट द्यावी लागते. ती वाट कोणाच्या अंगावरून न्यायची, हे पत्रा कापायच्या आधी ठरवावं.