मुठीचं माप

"हात दे."

मास्तरांची ओळख इथून सुरू व्हायची. नाव, गाव, काय करता ही चौकशी नंतर. आधी ते तुमचा उजवा हात आपल्या हातात घ्यायचे, उलटापालटा करून बघायचे, मनगट दोन बोटांनी दाबायचे. मग नेमबाजीच्या वापरलेल्या कार्डाची कोरी बाजू टेबलावर ठेवून त्यावर तुमचा पंजा पसरायचे आणि पेन्सिलीने कडेकडेने रेघ ओढायचे, शाळेत पहिलीची मुलं काढतात तशी. पंजा हलू नये म्हणून डाव्या हाताने तो घट्ट दाबून धरायचे. तेव्हा कुठे नाव विचारून ते चित्राखाली लिहायचे, कार्ड खणात टाकायचे आणि म्हणायचे, "आता बोल. पिस्तूल कसलं पायजे?"

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. घरात तेलुगू, दाराबाहेर आपली सोलापुरी मराठी. एनसीसीत असताना लागलेलं नेमबाजीचं वेड सुटलं नव्हतं. कारखाना बंद झाला, माग भंगारात गेले, आणि मालकाने ती लांबट पत्र्याची शेड मास्तरांना वापरायला दिली. त्यांनी दहा मीटर मोजले, समोर फळ्या ठोकल्या, आणि आम्ही त्या शेडला क्लब म्हणू लागलो.

माझं शुक्रवार पेठेत औषधांचं दुकान आहे. चाळिशी उलटल्यावर मला छंदाची हुक्की आली. पंधरा दिवस मोबाइलवर वाचून मी एक झकास परदेशी पिस्तूल नक्की केलं होतं, हवेच्या सिलिंडरवर चालणारं. मास्तरांनी फोटो बघितला.

"ह्यात हवा कुटं भरणार?"

"पुण्याला भरून मिळते म्हणे."

"म्हंजे दर म्हयन्याला पिस्तूल घेऊन पुण्याला. बरं हाय की. बायकोला पण ने, तुळशीबाग होईल."

मग त्यांनी पाण्याने भरलेली लिटरची बाटली माझ्या हातात दिली आणि हात सरळ ताणून एक मिनिट धरायला सांगितली. विसाव्या सेकंदाला बाटली खाली आली. "बाटली झेपंना, आन पिस्तूल घ्यायला निघालाय डाक्टर," ते म्हणाले. औषधं विकतो म्हणून मी त्यांचा डाक्टर.

महिनाभर बाटली धरल्यावर त्यांनी मला स्प्रिंगवर चालणारं एक साधं, वापरलेलं पिस्तूल मिळवून दिलं. माझ्या खिशाला परवडेल असं. "नळ्या सगळ्याच सरळ असत्यात. पैसा घालायचा तर मुठीत घाल," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. लाकडी मूठ त्यांनी माझ्या पंजाच्या चित्रावर ठेवून बघितली आणि आठ दिवस कानशीने घासली. पिस्तूल परत हातात आलं तेव्हा ते माझ्याच हाडामांसाचं असावं तसं बसलं. खोटं वाटत असेल तर क्लबातल्या कुणालाही विचारा.

एकदा गळ्यात जाड साखळी घातलेले एक गृहस्थ आले. त्यांना बावीस बोअरचंच हवं होतं, खऱ्या गोळीचं.

"त्याला परवाना लागतो," मास्तर म्हणाले. "कुणाला मारायचंय?"

"छे हो. फक्त टार्गेट."

"मग कागदाला भोक पाडायला साडेचार मिलिमीटरचा छर्रा लई झाला. हात दे."

गृहस्थांनी निमूट हात दिला. त्यांचंही कार्ड खणात गेलं.

एवढ्या लोकांना पिस्तुलं निवडून देणाऱ्या या माणसाचं स्वतःचं पिस्तूल नव्हतं. ते क्लबाच्या जुन्या पिस्तुलाने नेम धरायचे, कारण घरी त्यांच्या बायकोने, आमच्या बाईंनी, सांगून ठेवलं होतं की बंदूक घरात आली तर मी माहेरी जाईन. बाईंचं माहेर दोन गल्ल्या पलीकडे होतं, तरीही मास्तर भ्यायचे. पासष्टी झाली तेव्हा बाई एकदाच्या म्हणाल्या, घ्या बाबा, किती दिवस दुसऱ्यांचीच घासणार.

मास्तर दुकानात आले ते लग्न ठरल्यासारखे. आम्ही दोघांनी मिळून पिस्तूल निवडलं. नवं, देशी, स्वस्तातलं, वजनाला बेताचं. ते आलं त्या संध्याकाळी मास्तरांनी कोरं कार्ड टेबलावर ठेवलं, त्यावर आपला पंजा पसरला आणि पेन्सिल माझ्याकडे दिली. "स्वतःचं स्वतःला काढता येत न्हाय. तू काढ."

मी रेघ ओढायला लागलो. अंगठ्यापाशी रेघ वाकडी झाली. तर्जनीपाशी पुन्हा. त्यांचा हात टेबलावर थरथरत होता. फार नाही, पण थांबत नव्हता.

मास्तरांना अंगठा तर्जनीवर घासत राहायची सवय होती. आम्हाला वाटायचं, जन्मभर सूत चाचपलेला माणूस, अजून बोटांतून धागा सुटत नाही. त्याची आम्ही थट्टाही करायचो. त्या संध्याकाळी मला एकदम सगळं दिसलं. चालताना उजवा हात अंगालगत गप्प राहायचा. कार्डावरची नावं अलीकडे बारीक होत चालली होती. कंपवाताच्या गोळ्या मी रोज विकतो, ती माणसं मी रोज बघतो.

मास्तरांनी चित्र बघितलं. "हे काय रे डाक्टर? कुणी हलवला हात?"

"माझाच हलला, मास्तर," मी म्हणालो.

बस, एवढंच. नवं पिस्तूल शेजारी पडलं होतं आणि त्यांचा चेहरा खूश होता. उद्या सांगू, असं मी ठरवलं.

मास्तरांनी त्या वाकड्या चित्रावरून मूठ घासली. नेम बसेना. पूर्वी काळ्या ठिपक्यात पडणारे छर्रे कार्डाच्या कोपऱ्यात जाऊ लागले. "मूठ जाड हाय," ते म्हणायचे आणि पुन्हा कानस घ्यायचे. मूठ बारीक होत गेली, तरी ती जाडच राहिली. "सगळी तुझ्या चित्राची करणी," ते मला चारचौघांत सुनवायचे, आणि मी मान खाली घालायचो. क्लबातल्या दुसऱ्यांनाही दिसत होतं. पण मास्तरांनी विचारलं की जो तो म्हणायचा, होय, जरा जाडच वाटते. मी एकदा पाणी पिऊन, धीर करून म्हणालो, "मास्तर, एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू या का?" ते खदखदून हसले. "नेम चुकला तर मेंदू बघायचा? आदी मूठ बघ की."

असं वर्ष गेलं. त्या वर्षाचा हिशेब मला अजून कुणाला देता आलेला नाही.

एके दिवशी सकाळी ते दुकानात आले. बरोबर बाई होत्या. मास्तरांनी खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढून पुढे केली, आणि ती माझ्या हातात येईपर्यंत फडफडत होती. मला वाचायची गरज नव्हती. मी गोळ्या काढल्या, पाकिटावर वेळा लिहिल्या.

"डॉक्टर म्हणाले, लई आदीपासनं असणार," मास्तर म्हणाले. "आदी आला असता तर बरं झालं असतं म्हणाले." मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी हात कुणाचा हलला होता रे?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. खरं सांगायची वेळ वर्षापूर्वीच होऊन गेली होती. आता ते सांगून मास्तरांना काय मिळणार होतं, आणि न सांगून मी काय वाचवत होतो, मला काहीच कळेना.

"माझा," मी म्हणालो.

"बरं," मास्तर म्हणाले. "मग मूठ नवी करू. हे घे, परत काढ. ह्या वेळी नीट."

त्यांनी खिशातून कोरं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं आणि त्यावर पंजा पसरला. मी तो माझ्या डाव्या हाताने दाबून धरला, ते आमचा धरायचे तसा. हात माझ्या तळव्याखाली हलतच राहिला. मी पेन घेतलं.

नवी मूठ झालीच नाही. मास्तर गेले, शेड बंद आहे, आणि पिस्तूल बाईंनी कपाटात साड्यांखाली ठेवलं आहे. दोन्ही कार्डं माझ्या काउंटरच्या खणात आहेत. दुसऱ्या कार्डावरची रेघ पहिल्यापेक्षा जास्त वाकडी आहे. तेवढ्या एका वेळी मात्र माझाही हात हलत होता.