दाजींच्या ओळी

जगात लांब ओळीइतकं वाईट काही नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो आमच्या थोरल्या अक्काचा नवरा आहे. दाजींनी बीदरमध्ये आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवला. मशिनी गेल्या, क्लास बंद झाला, दाजी ईमेल लिहायला लागले. पण ओळ संपत आली की कानात ती मशिनीची घंटी अजून वाजत असावी तसे ते एंटर दाबतात. पुढचा शब्द कितीही छोटा असो, तो खालीच. ठळक अक्षर नाही, रंग नाही, फुलं नाहीत. एका भाच्यानं लग्नाचं आमंत्रण लाल अक्षरांत पाठवलं, तर दाजींनी ते काळ्या अक्षरांत, नीट ओळी तोडून त्यालाच परत पाठवलं. वर शेरा: 'लगीन तुझं हाय, अक्षरांचं न्हाई.'

गुलबर्ग्याला मी त्यांचे दर रविवारी येणारे मेल फोनवर वाचायचो, तर एक ओळ लांब, खाली दोनच शब्द, पुन्हा एक लांब. तक्रार केली तर म्हणाले, "तुझा फोन अरुंद हाय, माझ्या ओळीला कामून नावं ठेवायलास?" उत्तरही एकगठ्ठा नाही, माझ्या प्रत्येक ओळीखाली तिचं तिचं उत्तर. मी 'बाकी ठीक' लिहिलं, तर खाली 'बाकी म्हंजे काय?'

त्यांची एकुलती एक लेक गौरी कॅनडात असते. तिनं तिकडंच घर घेतलं, आता परत येणार नाही म्हणाली, तेव्हा दाजी फोनवर बोलून गेले, "मग आमी मेलाव असं समज." बापलेकीचं बोलणंच तुटलं. अक्का मधल्यामधे सुकत चालली.

बऱ्याच महिन्यांनी गौरीचा मेल आला, आणि अक्कानं मला बोलावून घेतलं. मी पोचलो तर दाजी कॉम्प्युटरपुढं, अक्का दारात.

"परवापासून ओळीच तोडायलेत बग," ती म्हणाली. "पोरीनं रडत लिवलंय, अन् हे असं!"

मेल खरंच एका दमात लिहिलेला होता. ना परिच्छेद, ना पूर्णविराम. दाजींनी त्याच्या एकसारख्या लांबीच्या ओळी करून प्रत्येकीखाली उत्तर दिलं होतं. 'तुम्ही माझं ऐकलंच नाही', खाली 'ऐकलं.' 'तुम्हाला घर दाखवायचं होतं', खाली 'दाखव की.' शेवटच्या ओळीखाली मात्र जागा कोरी. ती ओळ होती, 'अप्पा, फोन हातात घेते आणि तुमच्या भीतीनं खाली ठेवते.'

"ह्याच्याखाली काय लिवावं, सुचंना गेलंय," दाजी म्हणाले.

"लिहू नका. फोन करा."

"आवाज चढतो रे माझा. लिवताना चढत न्हाई." मग एकदम त्यांनी विचारलं, "ती वाचती कशावर?"

"फोनवर," अक्का म्हणाली. "कामावर जाताना, बसमधी."

दाजींनी सगळी उत्तरं पुसून टाकली. अक्काचा फोन मागून घेतला. ओळ लिहायची, त्या फोनवर पाठवून बघायची, मोडली की आणखी आखूड करायची. दुपार त्यातच गेली. शेवटी गेला तो मेल असा:

गौरी,
मी चुकलो.
मला भिऊ नको.
घर कसं हाय?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी फोन वाजला. दाजींनीच उचलला. "बोला की," अक्का हळूच म्हणाली.

"जेवलीस का?" एवढंच विचारून दाजींनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

आता बापलेक रोज बोलतात, आणि दाजींना कुणालाच मेल लिहायला सवड नसते. चांगलंच झालं. फक्त रविवारी सकाळी गुलबर्ग्यात मी मेल उघडतो, तेव्हा दुकानांच्या जाहिराती येऊन पडलेल्या असतात. माझी चौकशी करणारं त्यांत कुणी नसतं.