होडी वळवली म्हणून पोरीला काढलं

संभा, माझ्या नातीला होडीतनं काढायची अक्कल तुला कुणी दिली? ग्रुपवरल्या बाकी समद्यांना राम राम.

आज सकाळी आपल्या बोट क्लबचा सराव हुता. सुकाणूवर माझी नात रेश्मा. मी घाटावरनं पदर हलवून वरडले, "जोरात मारा की वल्ही, मेल्यांनो!" तिला वाटलं, आज्जीला पलीकडं जायचंय. तिनं भर नदीतनं होडी वळवली आन माझ्याम्होरं आणून लावली.

"येडे, मला कुठं जायचंय?" मी म्हणलं.

कप्तान संभा तापला. "आज्जी, ही शर्यतीची होडी हाय, वडापची जीप न्हाई! रविवारच्या शर्यतीला रेश्मा नगं."

आरं, क्लब निघाला कशापायी? महापुरात आमी कौलांवर बसलेलो, तवा तुझ्या बापानं आन त्याच्या गड्यांनी होडीनं आमाला उतरवलं. तवाच ठरलं, काठावरनं कुणी हात केला की होडी वळवायची, शर्यत मागनं.

पोरगी वेंधळी हाय, मान्य. पर तुमच्यात नियम पाळला तिनंच.

रविवारी सुकाणू कुणाच्या हातात? संभानं सोत्ता लिवावं. बाकीच्यांनी मधी अंगठे दावू नगा.