महेशची गिरणी

महेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोशीरला एका हळदीच्या मांडवात स्पीकर चढवत होतो. फोन त्याच्या मेहुण्याचा. सकाळी छातीत दुखायला लागलं, पनवेलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी तिथंच खुर्चीवर बसलो. नवरीकडच्या बायकांनी पाणी आणून दिलं. डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, ते नंतर आलं... आधी मनात आलं ते एवढंच, की याच्या मयतीला आता अर्धा तालुका लोटणार. आणि झालंही तसंच. कडावच्या रस्त्याला गाड्या लावायला जागा उरली नाही. मुंबईची माणसं चपला हातात घेऊन बांधावरून चालत होती. मी खांदा दिला. त्याचं ओझं खांद्यावर होतं, तरी माझी मान सारखी मागे वळत होती, गर्दी बघायला.

आम्ही दोघे कडावचेच, एका बाकावरचे. कॉलेज सुटल्यावर भागीत साउंड घेतला. जुना मिक्सर, वापरलेले स्पीकर आणि भाड्याचा टेंपो. हळद, बारसं, गोविंदा, गणपती, जे मिळेल ते. एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात शिरायचं कसं, हे मला कळायचं. महेशचा ठेका हमखास निसटायचा. पण निसटला की तो हसत माईक घ्यायचा, नवरदेवाच्या मामाला नावानं हाक मारायचा, कुठल्यातरी आजीला पुढं बोलवायचा, आणि मांडव पुन्हा उसळायचा. दुसऱ्या दिवशी गावभर चर्चा त्याची. मी रात्रभर एकही सांधा चुकू दिलेला नसायचा, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नाही.

पुढं मिरवणुकांच्या आवाजावर बंधनं आली. कुणाकुणाचे साउंड पोलीस ठाण्याच्या आवारात पावसात भिजत पडले. आम्ही डीजेवाले कपाळाला हात लावून बसलो होतो, तेव्हा महेश फार्महाउसांकडे बघत होता. शनिवार-रविवारी येणाऱ्यांना नाचायचं असतं आणि शेजारच्या गावाला झोपायचं असतं, हे आम्हा सगळ्यांनाच दिसत होतं; त्यातला धंदा फक्त त्याला दिसला. एक दिवस मला खालापूरच्या अलीकडे, बंद पडलेल्या भातगिरणीत घेऊन गेला. वर गंजका पत्रा, खाली घुशींची बिळं.

"हितं क्लब काढायचा."

"येडा हायेस काय रं? आवाज भायेर गेला तर गाववाले पत्रे उचकटून नेतील."

"नाय जाणार. भिंतीला आतून दुसरी भिंत घालू, मधी तूस ठासून भरू. गिरणीच्या मागं ढीग पडलाय तुसाचा." मग म्हणाला, "वाजवायचं तू. मी नाय वाजवणार आता. मला त्यातलं कळत नाय, तुला ठावं हाय. मी माणसं सांभाळतो."

मी म्हणालो, मला आपला मांडवच बरा. त्याच्या छपराखाली उभं राहून वाजवायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण तसं कोण बोलून दाखवतं...

परवानग्या मिळेपर्यंत वर्ष गेलं. मी मनातून वाट बघत होतो की कुठंतरी अडकेल. अडकला नाही. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी त्यानं पहिल्यांदा गावाला बोलावलं. म्हातारी माणसं, बायका, पोरं, सगळे टेंपोत बसून गेले. माझे वडील, तात्या, आयुष्यात माझ्या एका कार्यक्रमाला उभे राहिले नव्हते. "कान फाटतात," म्हणायचे. ते त्या दुपारी निळ्या दिव्यांखाली मऊ सोफ्यावर लिंबू सरबत घेऊन बसले होते. महेश आला, वाकून पाया पडला. "तात्या, पयला पाय तुमी टाका." आणि तात्या उठले. धोतराचा सोगा एका हातात धरून, दुसरा हात वर करून, माझा बाप त्याच्या फरशीवर नाचला. नऊवारीतल्या बायकांनी त्यांच्याभोवती फेर धरला. परतताना टेंपोत तात्या म्हणाले, "महेशनं गावाचं नाव काढलं रं."

त्यानंतर तो थांबलाच नाही. पळसदरीला मोकळ्या माळावर गाण्यांचे जलसे भरवले, चौक गावाकडे दुसरा क्लब काढला, गावातल्या कितीतरी पोरापोरींना कामाला लावलं. मी हळदीच वाजवत राहिलो. गेल्या गणपतीत आमच्याकडे आरतीला आला होता. उंबऱ्यात चपला घालता घालता म्हणाला, "तुझी जागा अजून तशीच हाय रं." मी म्हटलं, "बघू." तीच शेवटची भेट.

गिरणीतला क्लब पुन्हा सुरू करायचा, तर एकदा आवाज तपासून द्याल का, असं महिन्याभरानं शीतलवहिनींनी विचारलं. महेशच्या बायकोला नाही कसं म्हणणार? सकाळीच गेलो. दार उघडलं प्राजक्तानं, तिथल्या व्यवस्थापक मुलीनं. महेश तिचा 'दादा', मी मात्र 'काका'. वय आमचं एकच. तिनं दिवे लावले, रिकाम्या हॉलच्या मधोमध गेली आणि खाडकन एक टाळी वाजवली. मान तिरकी करून ऐकत राहिली.

"हे काय?"

"महेशदादांची टाळी. रोज उघडताना वाजवायची. हॉल कसा हाय ते कळतं."

माझ्या अंगाची लाही झाली. टाळी माझी होती. कर्जतच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये मीच त्याला दाखवली होती, तेव्हा पोट धरून हसला होता. आता तीही त्याच्याच नावावर... मी तोंड उघडणार, एवढ्यात तीच पुढं म्हणाली, "दादांना काय कळायचं नाय त्यातलं. स्वतःच सांगायचे. म्हणायचे, माझा एक दोस्त हाय, तो नुसत्या टाळीवर हॉलचं दुखणं सांगतो. मी आपली वाजवतो, कधीतरी कळंल म्हणून."

रागवायलाही जागा ठेवली नाही लेकानं. मी मधोमध गेलो. प्राजक्ता बाजूला झाली. मी टाळी वाजवली. डावीकडून बारीक झणझण आली आणि विरली.

"त्या कोपऱ्यात भिंतीची फळी सुटलीय," मी म्हणालो.

ती स्टुलावर चढली, फळीवर तळहात दाबून धरला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, आता वाजवा."