बिनमुंडक्याचा ड्रायव्हर

क्लिनरला काढलं आणि त्याच्या जागी कॅमेरा लावला. एवढं एक वाक्य कुणाला सांगायला घेतलं तरी आजही माझा आवाज चढतो. बायको आतून "हळू बोला" म्हणते, मग तो आणखी चढतो.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नव्वदच्या दशकात ट्रकवर लागलो. घर शहापूर तालुक्यात, ड्युटी मुरबाडला, माल नगरला आणि मधे माळशेज घाट. इतक्या वर्षांत गाडीला ओरखडा नाही. यात माझी एकट्याची शेखी नाही. शेजारी क्लिनर असायचा. खर्डीकडचा, माझ्याहून वयानं मोठा, तोंडानं फटकळ. पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की समोरची काच म्हणजे चुना फासलेली भिंत. वायपर फिरवून उपयोग नसतो. अशा वेळी घाटातल्या ड्रायव्हरांची एकच रीत. बाजूची काच खाली करायची, मान बाहेर काढायची आणि रस्त्यावरचा पांढरा पट्टा बघत पहिल्या गिअरमध्ये गाडी सरकवायची. उजवीकडचं मी बघायचो, डावीकडचा कठडा तो. "आत घे, आत घे, आता बास" एवढ्या बोलण्यावर आमचा घाट पार व्हायचा.

पुढे नवे मॅनेजर आले. कल्याणचे, शिकलेले, माझ्या थोरल्या मुलाच्या वयाचे. एका गाडीला दोन माणसं कशाला, म्हणून त्यांनी क्लिनरला घरी बसवलं. महिन्याभरात कॅबिनमध्ये आरशाशेजारी एक डबी बसली. तिचं तोंड रस्त्याकडे नाही, माझ्याकडे. म्हातारा कठडा बघायचा, ही फक्त मला बघायची. रस्त्यात म्हैस आली काय आणि दरड आली काय, तिला सोयरसुतक नाही.

बायकोनं डबा भरताना विचारलं, "जेवतानापन बघतो काय तो?"

"बघतो."

"मंग भाकर नीट धरा. माझी अब्रू जायाची."

मी हसलो. पण त्या दिवशी टोकावड्याला गाडी लावली आणि डबा घेऊन खाली उतरलो. आयुष्य जिथं गेलं त्या सीटवर मला घास गिळेना. याचा राग मला पुढच्या सगळ्यापेक्षा जास्त आहे.

तीन मेमो झाले की नोकरी गेली, असा नियम निघाला. पहिला मेमो मला मे महिन्यात मिळाला, वर्दीचा शर्ट काढून गाडी चालवली म्हणून. दुसरा एकटाच बडबडत होतो म्हणून. चढणीला मी गाडीशी बोलतो, कायम बोलत आलोय. गाडीनं कधी तक्रार केली नव्हती.

श्रावणात एकदा ऑफिसात बोलावणं आलं. कॉम्प्युटरसमोर मॅनेजर, मागे दोन कारकून आणि वॉचमन. पडद्यावर माझं धड. हात स्टिअरिंगवर, कॉलरच्या वर काहीच नाही.

"मामा, वीस मिनिटं तुमचं डोकं गाडीच्या बाहेर आहे. मग गाडी कोण चालवतंय?"

सगळे हसले. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. "सायेब, डोकं भायेर होतं म्हनून गाडी रस्त्यावर व्हती. आत ठेवलं असतं तर दोनी दरीत गेली असती."

त्यांनी तिसरा मेमो पुढे सरकवला. मी पेनला हात लावला नाही. म्हटलं, "उद्या तुमी बसा माझ्या बाजूला. घाट चढून येऊ, मंग सही मागा."

बसले. एवढं श्रेय त्यांना देतो. घाटाखालची मोरोशी सोडली आणि धुक्यानं गाडी गिळली. दोन वळणं साहेब ताठ बसून होते. तिसऱ्या वळणाला त्यांनी आपणहून काच खाली केली, कमरेपर्यंत बाहेर गेले आणि ओरडायला लागले, "मामा, उजवीकडे! कठडा, कठडा आला!" मी ऐकत गेलो. खरं सांगायचं तर काम चोख केलं पोरानं. वर टपरीवर चहा घेताना त्यांच्या केसांतून पाणी गळत होतं. मला त्यांची दयाच आली. वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी हसतच ऑफिसात गेलो. "दाखवा सायेब कालचं. दोघांचीबी मुंडकी गायब असतील."

"कालचं पुसलं गेलं, मामा." त्यांनी मान वर केली नाही.

"आनी माझा कागद?"

"तो आधीचा आहे. त्याचं रेकॉर्ड आहे. नियम सगळ्यांना सारखा."

सगळ्यांना! ज्या हातानं स्वतःचं पुसलं, त्याच हातानं त्यांनी माझ्यापुढे पेन धरलं. मी सही केली नाही. गाडीची किल्ली त्या कागदावर ठेवली आणि निघालो.

पुढच्या पावसाळ्यात जुन्नरला मेव्हण्याकडे निघालो होतो. एसटीत ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर होतो. घाटात धुकं, आणि एसटीचा ड्रायव्हर मान बाहेर काढून बस चढवत होता. समोरून एक ट्रक सरपटत आला. त्याच्या दारावर मी हौसेनं काढून घेतलेला हिरवा पोपट होता. माझीच गाडी. दोन्ही गाड्या एकमेकींना चाटून जाताना मी आत पाहिलं. तरणा ड्रायव्हर, काच बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर, ओळखपत्राचा फोटो काढायला बसल्यासारखा ताठ. शेजारची सीट रिकामी.

मी खिडकीतून बाहेर वाकलो आणि त्याच्या काचेवर थापा मारल्या. "मुंडी भायेर काढ रे! भायेर काढ!"

त्यानं दचकून माझ्याकडे पाहिलं. मग वर त्या डबीकडे पाहिलं, आणि काच तशीच बंद ठेवून तो घाट उतरत गेला.