डाव्या डोळ्याचं माप

आमच्या गल्लीत काकांना सगळे 'डोळेवाले' म्हणत. ज्याचा डोळा गेला असेल त्याला ते डोळा करून देत. तो बघण्याचा नव्हे, दाखवण्याचा. खाली चपलांचं दुकान, वर दातांचा डॉक्टर आणि मधल्या मजल्यावर आम्ही. दातवाला म्हणायचा, "तुमचं आमचं एकच हो, गेलेल्याच्या जागी खोटं बसवायचं." काकांना विनोद कळायला अर्धा दिवस लागायचा. संध्याकाळी जिना उतरताना ते एकटेच हसायचे.

मी त्यांची पुतणी. अभ्यासात माझं डोकं चालेना, पण हात चालायचा, म्हणून बाबांनी मला "चार महिने बघ" म्हणून इथे चिकटवलं. त्याला एकोणीस वर्षं झाली. कोपऱ्यातल्या कपाटाला बत्तीस खण आहेत आणि प्रत्येक खणात डोळे आहेत. तपकिरी, घारे, राखी, काही अर्धवट रंगवलेले. पांढऱ्यावरच्या शिरा आम्ही लाल रेशमाच्या धाग्याने काढतो. मला भीतीबिती वाटत नाही. तरी त्या कपाटाकडे पाठ करून मी आजवर डबा खाल्लेला नाही.

या धंद्यात रंग जमतो, शिरा जमतात, पण खरी मेख असते ती बाहुलीत, म्हणजे मधल्या काळ्या ठिपक्यात. खऱ्या डोळ्यात ती लहानमोठी होते, आमच्यात एकदा रंगवली की कायमची. मग किती मोठी काढायची? काका सांगायचे, "बाहुली दोनच गोष्टींनी उघडते. अंधाराने आणि ओढीने. आपल्याला दोन्ही नकोत." म्हणून सकाळी दहाचा उजेड, उत्तरेची खिडकी आणि समोर कोरी राखाडी भिंत. गिऱ्हाइकाने भिंतीकडे बघत बसायचं आणि आम्ही त्याच्या चांगल्या डोळ्याचं माप घ्यायचं. बरोबरच्या माणसांना खाली चपलांच्या दुकानात पाठवायचं, अगदी आईलासुद्धा. "आई समोर असली तर बाहुली वाढते, आणि मग तो माणूस जन्मभर बसच्या कंडक्टरकडेही आईकडे बघावं तसा बघत राहतो." माप तीनदा घ्यायचं. पहिलं जुळलं नाही तर ते सोडायचं, कारण पहिल्यांदा माणूस बिचकलेला असतो. पुढची दोन जुळली की ती धरायची. हा काकांचा कायदा होता आणि तो कुणासाठी मोडत नसे.

मी कामाला लागले तेव्हा एका गोष्टीने मात्र माझ्या अंगावर काटा यायचा. रोज सकाळी, गिऱ्हाइकं यायच्या आधी, काका आतल्या खोलीत दार लोटून बसत. फळीच्या भिंतीतून त्यांचा आवाज यायचा. "तीन." मग बराच वेळ शांतता. "तीन." पुन्हा शांतता. "तीन." आत दुसरं कुणी नसायचं. वर्षभर मी ऐकून घेतलं, पण माझ्या जिभेला हाड नाही. एक दिवस सरळ दार ढकललं. काका आरशासमोर बसले होते. एका हातात मापाची पट्टी, उजव्या डोळ्याशी धरलेली. आरशाच्या कडेला एक फोटो खोचलेला. कठड्याला टेकून उभी असलेली काकू.

"काय चाललंय हे?" मी विचारलं.

काका चिडले नाहीत. त्यांनी सांगितलं, आणि तेही मी हवापाणी विचारल्यासारखं. तेविसाव्या वर्षी त्यांनी बाबांना, म्हणजे आपल्या मोठ्या भावाला सांगितलं होतं, की मला बायकांची ओढ वाटत नाही, पुरुषांचीच वाटते. बाबा म्हणाले, "हे काय जन्माला येताना घेऊन आलास? सवय आहे ती, सुटेल. सगळं मनावर असतं. मनावर घे आणि लग्न कर."

"मग?"

"मी घेतलं मनावर," काका म्हणाले. "बाहुलीने नाही घेतलं." त्यांनी वही दाखवली. तारीख, भिंतीकडे बघताना बाहुली किती मिलिमीटर, फोटोकडे बघताना किती. लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासूनची. पानंच्या पानं. तीन, तीन. तीन, तीन.

मला बाबांचा असा राग आला की त्या दिवशी मी घरी जेवले नाही. काकांना म्हटलं, "मग तुम्ही काहीच निवडलं नाही का आयुष्यात?"

"निवडलं की. तुझी काकू निवडली. रोज सकाळी पुन्हा निवडतो. चांगली बाई आहे, तिला मी कधी दुखवलं नाही. पण हे," त्यांनी पट्टी डोळ्याशी नेली, "हे मी निवडलेलं नाही. निवडता येतं का ते बघतोय. तिला यातलं काही कळता कामा नये, एवढं लक्षात ठेव." झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत मी दार लावलं. दुसऱ्या दिवशी फळीमागून पुन्हा आवाज आला.

आता पोहण्याच्या मास्तरांबद्दल सांगायला हवं. शहरातल्या मोठ्या तलावावर ते शिकवायचे. त्यांचा एक डोळा आमचा. तलावाच्या पाण्यातल्या औषधाने तो धुरकट व्हायचा, म्हणून दर सहा महिन्यांनी पॉलिशला यायचे. पॉलिशचं काम दहा मिनिटांचं. काकांना त्यांच्या डोळ्याला तास लागायचा. मास्तर दाराजवळच्या स्टुलावर ओले केस पुसत बसायचे, त्या औषधाचा वास खोलीभर व्हायचा, काका चाकावर डोळा फिरवत बसायचे, आणि दोघं पाण्याच्या तापमानाबद्दल बोलायचे. बस, एवढंच. वीस वर्षं. मी एकदा वही चाळली. त्या वीस वर्षांत दरवर्षी दोनच तारखांना तिसरा एक आकडा होता, पाच. शेजारी कुणाचं नाव नव्हतं. ते मी विचारलं नाही, माझ्यासारखीनेसुद्धा.

सहासष्टाव्या वर्षी काकांच्या डाव्या डोळ्यात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी डोळा काढला. जन्मभर दुसऱ्यांना डोळे केले, आता त्यांचा मला करायचा होता. मला रात्रभर झोप नाही. सोमवारी सकाळी काका खुर्चीत बसले, भिंतीकडे तोंड करून. मला सर्दी झालेली, नाक चोंदलेलं, कसलाच वास येत नव्हता. उजव्या डोळ्याचं पहिलं माप घेतलं, तीन. पट्टी पुसली. पुन्हा घेतलं, पाच. तिसऱ्यांदा घेतलं, पाच. पहिलं सोडायचं, पुढची दोन धरायची. मी गाढवासारखं पाच लिहून ठेवलं. वाटलं, ऑपरेशननंतरची औषधं चालू आहेत, त्याने झालं असेल. काकांनी मान इंचभरही हलवली नव्हती. ते भिंतीकडेच बघत होते. वही मिटून मी वळले तर दारातल्या स्टुलावर मास्तर बसलेले, केस ओले. "आलात? बसा," म्हटलं मी. डोक्यात प्रकाश पडला नाही तो नाहीच.

तो पडला आठ दिवसांनी, डोळा बसवला तेव्हा. काका आरशात बघत राहिले. उजवा डोळा नेहमीचा होता. डावा मात्र कुणीतरी दारात येऊन उभं राहिल्यासारखा उघडला होता. त्या खोलीत कुणी नव्हतं आणि तरी तो बघत होता. मी अंगावरची ओढणी घट्ट केली.

"माप कधी घेतलंस?"

"सोमवारी. मास्तर आले होते ना..." एवढं बोलले आणि मी जीभ चावली.

काकांनी आरशाला बोट लावलं. त्याच आरशासमोर ते एवढी वर्षं बसले होते. "असा दिसतो होय मी," ते हळूच म्हणाले. मग एकदम घाबरले. "काढ, काढ हा. हिच्या नजरेला पडला तर..." आणि नाव काढायला आणि यायला एकच गाठ पडली, जिन्यावर काकूच्या चपला वाजल्या.

काकू आत आली. त्यांच्याकडे बघितलं आणि जिथल्या तिथे थांबली. तिने नकळत आपले केस सारखे केले. साठीची बाई.

काका म्हणाले, "चुकलाय हा. दहा दिवसांत दुसरा होईल." काकूने मान हलवली आणि त्यांना घेऊन गेली.

गुरुवारी ती एकटी आली. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली, भिंतीकडे तोंड करून.

"ते झोपले तरी तो पुरता मिटत नाही," ती म्हणाली. "दुपारी मी पेपर वाचत होते. वर बघितलं तर ते घोरत होते आणि तो माझ्याकडे बघत होता."

"घाबरलीस?"

"पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी मी खुर्ची समोर ओढून घेतली." मग तिने विचारलं, "माप घेताना खोलीत कोण होतं?"

डोळ्यात घालायच्या थेंबांनी बाहुली वाढली, हे आधीच तयार ठेवलेलं कारण मी तोंडापर्यंत आणलं. काकूने हात वर केला. "अंधार आणि ओढ. एकेचाळीस वर्षं जेवताना ऐकतेय मी हे. दहाच्या उजेडात अंधार कुठला? सांग."

"पोहण्याचे मास्तर," मी म्हटलं.

कपाटाच्या वरच्या खणाचं झाकण अर्धं उघडं राहिलं होतं, ते मी जाऊन लावलं.

"आधी मला वाटायचं, माझ्यातच काही कमी आहे," काकू म्हणाली. "मग मी धरून चालले, की त्यांच्यात ते नाहीच. काही माणसांत नसतं. होतं की गं. एवढं मोठं होतं." मग तिचा आवाज बदलला. "ठरवून केलं का त्यांनी? मला फसवायचं म्हणून?"

मला राहवलं नाही. आरसा, पट्टी, वही, रोजचं तीन, सगळं सांगितलं. तिच्या फोटोकडे बघून बघून बाहुली उघडतेय का ते बघायचे, हेही सांगितलं.

"कुठला फोटो?"

"कठड्याजवळचा."

"तो?" काकू चिडलीच. "किती वाईट आलाय तो. मला मागायचा तरी. दुसरा दिला असता." आणि मग ती तोंडाला पदर लावून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, दुसरं काय करणार होते.

रविवारी मी नवा डोळा डबीत घेऊन त्यांच्या घरी गेले. तीनची बाहुली. काका खिडकीत उन्हात बसले होते. उन्हाने उजवी बाहुली मोहरीएवढी झाली होती आणि डावी तशीच, सताड उघडी. दोन माणसांचे डोळे एका चेहऱ्यावर आल्यासारखे दिसत होते.

"आणलास? बसव लगेच," काका म्हणाले. मी हात धुतले.

काकू ओले हात पुसत त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. "आजच काढायचा?"

"आजच. मला तुझ्यासमोर बसवत नाही हा घालून. तुला फसवल्यासारखं होतंय."

"कुणामुळे झालाय ते मला माहीत आहे," काकू म्हणाली.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. जी एक गोष्ट होऊ नये म्हणून त्यांनी चार दशकं श्वास रोखून धरला होता, ती अशी भर दुपारी झाली.

काकू आणखी जवळ गेली. तिने आपला तळवा त्यांच्या उजव्या डोळ्यावर ठेवला आणि तो हलकेच दाबून धरला. आता फक्त डावा उरला, तिच्याकडे बघणारा.

"काही दिसतंय का तुम्हाला?" तिने विचारलं.

"नाही."

"बरं." तिने हात काढला नाही. त्या डोळ्यात बघत बघतच ती मला म्हणाली, "पाच मिनिटं थांब गं. मग बसव तुझा तो दुसरा."